तेरा पुतळ्या

हिच्या मंगळसूत्राची एक वाटी कडीतून निसटली होती, म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर पंधराएक दिवसांनी सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर गेलो होतो. डाख द्यायला वीस मिनिटं लागतील, बसा म्हणाले शेठ, म्हणून स्टुलावर बसलो आणि समोरच्या बोर्डावरचा भाव वाचत राहिलो, एकवीस चालू होतं. एकवीस म्हणजे तोळ्याला एक लाख एकवीस हजार, पण हल्ली लाख कुणी बोलून दाखवत नाही, तो धरूनच चालतात. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा पायजमा, टोपी, हातात मेडिकलवाल्याची खाकी पुडी. शेठनी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. पुडीतून पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची माळ निघाली, लाल रेशमात गाठवलेली, मागे गोंडा. शेठनी माळ बोटांवर फिरवली, मध्येच एका पुतळीवर थांबले, ब्लेडने गाठ तोडली, पुतळी काट्यावर टाकली. लाल आकडे हलत हलत ०.९८० ग्रॅमवर थांबले. मग त्या म्हाताऱ्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि आतून दुसरी पुतळी काढून गादीवर ठेवली. ही बेन्टेक्सची, नकली. पिवळी जर्द, खऱ्या पुतळीपेक्षा दुप्पट चमकणारी. शेठनी ती तोडलेल्या पुतळीच्या जागी तशाच लाल दोऱ्यानं बांधायला घेतली. "शेठ, गाठ घट्ट मारा, मागच्या बारची लोंबायली होती," एवढंच ते म्हातारे बोलले.

मी बघत होतो हे त्यांच्या लक्षात आलं. मी मान वळवायला हवी होती, वळवली नाही.

पैसे मोजून घेतल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तू अण्णांचा का बे?" अण्णा म्हणजे माझे वडील. नाकावरून ओळखलं म्हणाले. दोघं एकाच मिलला, एकाच सांचे खात्यात होते, अण्णा जॉबर आणि हे त्यांच्या हाताखाली. मिल बंद पडल्यावर हे एका सूतगिरणीत लागले आणि २००४ ला अठ्ठावन्न पूर्ण करून घरी बसले. मग कोपऱ्यावर चहा झाला. या मामांचं नाव लिहीत नाही, पेठही लिहीत नाही, कारण मला जे सांगितलं ते त्यांच्या पोरालाही माहीत नाही. बायको गेली तेव्हा तिच्या पेटीत ही माळ निघाली, पन्नास पुतळ्यांची, पाच तोळ्याला जरा कमी. २०१९ च्या दिवाळीत पहिली मोडली. तेहतीसशे रुपये आले. तेव्हा महिन्याला एक मोडायला लागायची. पुढं दीड-दोन महिन्याला एक. आता तीन महिन्याला एक मोडली तरी भागतं, कारण त्या दिवशीच्या एका पुतळीचे घट-बिट कापून दहा हजार तीनशे आले. बीपीच्या गोळ्या, डोळ्यात घालायचे ड्रॉप, सकाळचा बाहेरचा एक चहा, नातवाला कधी शंभराची नोट. पोरगं चांगलं आहे म्हणाले, जेवायला घालतं, पण लूमचा धंदा, त्याचंच त्याला पुरत नाय, त्याच्यापुढं हात कसा करायचा. दरवर्षी महालक्ष्म्या बसतात तेव्हा सून ही माळ मागते, उभ्या महालक्ष्मीच्या गळ्यात घालते. माळ भरलेली दिसली पाहिजे. म्हणून रुमालातली पुतळी.

"पेन्शन किती मामा?" मी विचारलं. अकाउंट्सवाला माणूस, दुसरं काय विचारणार.

"अकराशे चाळीस. रिटायर झालो तवा अकराशे चाळीस, आजबी अकराशे चाळीस. आपल्या पेन्शनीला डीए नाय रे. पुतळीला हाय."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि ते गेलंच नाही. मंगळसूत्र हिच्या हातात दिलं, वाटी नीट बसली का बघ म्हणालो, जेवलो, आणि रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बेरजा करत बसलो. (चार दिवसांनी पाणी येणार होतं त्या रात्री, म्हणून कॉक बघायचं निमित्त होतंच.) समजा मामांनी त्या दिवाळीत पन्नासच्या पन्नास पुतळ्या एकदम मोडल्या असत्या तर एक लाख पासष्ट हजार आले असते. ते पोस्टात मंथली इन्कमला टाकले असते तर तेव्हाच्या साडेसात-पावणेआठच्या मधल्या व्याजाने महिन्याला एक हजार पंचेचाळीस रुपये. शहाण्या माणसाने हेच सांगितलं असतं. मीच सांगितलं असतं. आणि मामांनी काय केलं, सदतीस पुतळ्या खाल्ल्या, आणि उरलेल्या तेरांची किंमत त्या दिवशीच्या भावाने एक लाख चौतीस हजार. मी दोनदा गुणाकार केला. तीन चतुर्थांश माळ संपली आणि पैशात बघितलं तर चार पंचमांश अजून शिल्लक आहे. पोस्टात मुद्दल अख्खं राहिलं असतं हे खरं, पण त्या अख्ख्या मुद्दलाला आज दीड तोळा पण येत नाही.

बरं, हे सगळं मी मामांसाठी मोजत होतो असं नाही. दीड वर्षाने मला अठ्ठावन्न पूर्ण होतायत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं लेजर ओढली, ईपीएस, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन योजना, १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि मी लागलो त्याच सुमारास, म्हणजे माझी नोकरी आणि ही पेन्शन एकाच वयाची. माझा हिशोब मला पाठ आहे. २०१४ पर्यंतची वर्षं साडेसहा हजाराच्या मर्यादेने, पुढची पंधरा हजाराच्या मर्यादेने, भागिले सत्तर, साडेचार हजाराच्या आसपास बसेल. कारखान्यात कुणाला सांगितलं तर म्हणतात, साडेचार म्हणजे बरं आहे की ओ, कित्येकांना किमान हजारच मिळतात. पण ते साडेचार हजार पहिल्या महिन्यातही साडेचार आणि मी सत्तरीत जाईन तेव्हाही साडेचारच. दरवर्षी सहा टक्क्यांनी महागाई धरली तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात, हे गणित मी दुसऱ्यांना शंभरदा समजावून सांगितलंय, म्हणजे सत्तरीत त्या साडेचारला आजच्या सव्वादोन हजाराचं सामान येणार. शेंगदाणा तेलाचा डबा आणि गॅसची टाकी घेतली की पाकीट रिकामं. पीएफचे पैसे येतील, ते एफडीत टाकू, एफडीचं व्याज खाऊ, हा आजवरचा माझा प्लॅन. प्लॅन वाईट नाही. फक्त त्यात डीए नाही.

मग साहजिकच डोक्यात आलं की पीएफचे पैसे आले की सरळ सोनं घ्यावं. आणि लगेच अण्णा आठवले.

अण्णांचं सोन्याबद्दलचं मत एका वाक्यात होतं, सोनं म्हणजे मेलेला पैसा. पेटीत पडून राहतो, पिल्लं घालत नाही. मिलच्या भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस, पैसा सुद्धा पाळीवर आला पाहिजे असं त्यांना वाटायचं, काम केलं पाहिजे त्यानं. मिल बंद पडली, देणी थकली, घरात माझ्या एकट्याचा पगार. १९९८ चा पावसाळा संपत आलेला. त्या वर्षी कांदा इतका चढला होता की पुढं कांद्याने दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, आमच्या घरी आई भाकरीबरोबर नुसती शेंगाची चटणी वाढायची आणि वर म्हणायची, कांदा उष्ण पडतो. अण्णांनी ठरवलं की आईच्या पाटल्या मोडून त्या पैशाची एका पतसंस्थेत ठेव करायची, पंधरा टक्के व्याज देत होते. आईनं आयुष्यात बहुतेक एकदाच त्यांच्याशी वाद घातला. १९९१ ला देशाचं सत्तेचाळीस टन सोनं गहाण पडलेलं तिनं पेपरात वाचलेलं, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणाली, "सरकारवर वेळ आली तवा सरकारनं गहाण टाकलं. तुम्ही मोडायलाय." अण्णा म्हणाले, गहाणाचं व्याज कोण भरणार, तुझा बाप? पाटल्या चार तोळ्याच्या. भाव तेव्हा चार हजाराला येऊन टेकलेला, आणि दोनच वर्षांपूर्वी पाच हजाराच्या वर होता. त्यातून घट कापली. सोळा हजार पण पुरते आले नाहीत. मी बरोबर होतो. साबण लावून पाटल्या काढाव्या लागल्या, इतकी वर्षं निघाल्याच नव्हत्या. निघाल्यावर आईच्या दोन्ही मनगटांवर एक गोरा पट्टा राहिला, मऊ, लहान बाळाच्या कातडीसारखा. सोलापूरच्या उन्हात तो पट्टा मिटायला दोन उन्हाळे लागले. पतसंस्था त्याच्या आत मिटली.

आता हे वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणजे सोनंच बरोबर, अण्णा चुकले. मी पण पंचवीस वर्षं असंच समजत होतो, आणि दर गुढीपाडव्याला पेपरात भाव वाचून चार तोळ्याने गुणायचो, स्वतःला त्रास करून घ्यायचा एक छंद असतो माणसाला. पण गच्चीवर त्या रात्री उलटं गणित मांडलं तेव्हा जरा गडबडलो. समजा मामांनी माळ मोडायला २०१९ ऐवजी १९९६ ला सुरुवात केली असती तर? पहिल्या पुतळीला साडेचारशेच्या आतबाहेर आले असते, दोन वर्षांनी चारशेच्या खाली, आणि २००१ उजाडलं तरी भाव पुन्हा पाच हजारावर गेलेला नव्हता. कांदा वर, तेल वर, सोनं खाली. महिन्याला एक पुतळी, मग दीड, मग दोन, तीन-चार वर्षांत हातात नुसता लाल दोरा राहिला असता. कारण सोन्याला आपल्या मंडईतल्या कांद्याचा भाव ठाऊक नसतो. त्याचा भाव ठरतो लंडनला, डॉलरमध्ये, मग रुपयाच्या घसरणीने गुणला जातो आणि वर सरकारची ड्युटी बसते. त्या वर्षांत मोठमोठ्या देशांच्या बँकाच सोनं काढत होत्या, १९९९ ते २००२ मध्ये खुद्द ब्रिटन सरकारने बँक ऑफ इंग्लंडमार्फत आपलं निम्म्याच्या वर सोनं लिलावात विकलं, अगदी पडेल भावात. म्हणजे अण्णांना जे वाटत होतं ते जगातल्या भल्या भल्यांना वाटत होतं, मेलेला पैसा. फक्त त्यांच्या मनगटावर पट्टे राहिले नाहीत. आणि लांबचं कशाला, २०१२ ला एकतीस हजाराला ज्यांनी घेतलं त्यांनी मध्ये सव्वीस हजार बघितले आणि २०१८ ला परत एकतीस हजार, सहा वर्षं जागेवर दळण. आता लाखाच्या वरचा आकडा बघून ते कुणाला आठवत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये लाख झाला तेव्हा कारखान्यात पेढे वाटायचे बाकी होते, तेही ज्यांच्याकडं अर्धा तोळा आहे त्यांनी.

सोन्याने महागाईवर मात केली हे खरं आहे, पण ते वीस-पंचवीस वर्षांच्या लांब दोरीने मोजलं तर. म्हाताऱ्या माणसाकडं नेमकी तीच दोरी नसते.

आमच्या आत्याची एक बांगडी अजून माझ्या चुलतभावाकडं आहे, तांबूस, सोन्याची म्हणून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. आत्याचं लग्न सुवर्ण नियंत्रणाच्या काळातलं, १९६३ ला नियम आला की नवीन दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही, त्यामुळं तिच्या वाट्याला निम्म्याला जरा जास्त सोनं आणि बाकी तांबं आलं. सोनारांच्या पोटावर पाय आला तो वेगळाच. पुढं १९६८ चा कायदा आला, तो उठला थेट १९९० ला. आत्या गेली तोवर ती बांगडी तिनं हातातून काढली नाही आणि मोडायचा विचार पण केला नाही, कारण मोडून काय येणार हे तिला माहीत होतं. गंमत म्हणजे घरातल्या सगळ्या बायकांपैकी जिचं सोनं हातात टिकलं ती हीच एकटी.

मी स्वतः आयुष्यात एकदाच शहाण्यासारखं सोनं घेतलं. २०१५ च्या नोव्हेंबरात सरकारने पहिल्यांदा सुवर्ण रोखे काढले तेव्हा दहा ग्रॅमचे घेतले, ग्रॅमला दोन हजार सहाशे चौऱ्याऐंशीने. मजुरी नाही, घट नाही, चोराची भीती नाही, वर पावणेतीन टक्के व्याज. दर सहा महिन्याला खात्यात तीनशे एकोणसत्तर रुपये जमा झाल्याचा मेसेज यायचा आणि मी तो हिला दाखवायचो. ही म्हणायची, "अहो, हळदीकुंकवाला जाताना तो कागद गळ्यात अडकवून जाऊ का?" आठ वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात, ग्रॅमला सहा हजार एकशे बत्तीसने पैसे आले, सव्वीस हजार आठशे चाळीसचे एकसष्ट हजार तीनशे वीस, टॅक्स नाही काही नाही. दोन दिवस मी घरात जरा ताठ चाललो. तिसऱ्या दिवशी बोअर मारायचं ठरलं. साडेतीनशे फुटापर्यंत धूळ उडत होती, नुसती पांढरी धूळ, गल्लीतल्या सगळ्यांच्या वाळवणावर बसली. ते एकसष्ट हजार असे जमिनीत गेले. परत रोखे घ्यावेत म्हणेपर्यंत २०२४ च्या फेब्रुवारीनंतर सरकारने नवीन काढलेच नाहीत, आणि का काढावेत, भाव असा पळाल्यावर द्यायचे तर सरकारलाच आहेत. आता कागदी सोनं हवं तर ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घ्यायचा सोन्याचा फंड आहे, डीमॅट उघडा, फंडवाल्याचा खर्च द्या. मी उघडलंय डीमॅट. थोडं थोडं घेतोय. पण खरं सांगू का, त्या स्क्रीनवर बघून मला काही वाटत नाही. आणि काही वाटत नाही म्हणूनच ते मी वेळेला विकू शकेन, असं माझ्यातला अकाउंटंट म्हणतो.

कारण घरातल्या सोन्याचं तसं नाही. कारखान्यातला एक मित्र रोज सांगायलाय, पीएफ आला की डोळे झाकून सगळं सोन्यात टाक, वहिनी पण खूश. वहिनी खूश होतील यात शंका नाही. पण मग ते सोनं माझ्या म्हातारपणाचं राहील का? आमच्या घरात साडेसात तोळे आहेत आणि त्यातला गुंजभर पण बेवारशी नाही. तोडे पोरीचे, ते ती आठवीत होती तेव्हापासून पोरीचे आहेत. राणीहार होणाऱ्या जावयाच्या घरी मिरवायला. कानातली झुबे हिच्या आईची खूण, त्याचं नाव पण काढायचं नाही. मंगळसूत्र तर सोनं नव्हेच. पुस्तकी सल्ला विचाराल तर शंभरातले दहा-पंधरा सोन्यात ठेवावेत म्हणतात, आणि मला तो पटतो, कारण बाकी पंच्याऐंशी महिन्याच्या महिन्याला व्याज देतात आणि सोनं कधी देत नाही, ते फक्त मोडल्यावर देतं. पण त्या दहा-पंधरात पेटीतले दागिने धरायचे की नाही हे पुस्तकात नसतं. मी हिला विचारून बघितलं. म्हणजे असं की, सहज, उद्या वेळ आली तर तोड्यातला एक... "एक तोडा मोडून दुसरा काय भिंतीला लावायचाय?" ही म्हणाली आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेली. तोडा एक मोडता येत नाही हे मला तोवर सुचलंच नव्हतं. हजार-पाचशेची नड असो की पन्नास हजाराची, तोडा मोडायचा म्हणजे जोडी मोडायची, सगळं भांडण एकदम, सगळं रडू एकदम, आणि त्या दिवशी जो असेल तो भाव. घडवताना दिलेली मजुरी आणि तीन टक्के जीएसटी गेला तो गेलाच.

पुतळी एक मोडता येते. हे त्या माळेचं खरं मोल आहे असं मला आता वाटतं, भाव चढला ते नशीब, पण एकेका ग्रॅमचे पन्नास तुकडे, एकेकाला वेगळी गाठ, हे नशीब नव्हे. पडत्या भावात एक मोडली, चढत्या भावात एक मोडली, लॉकडाऊनमध्ये कट्टा बंद होता तेव्हा एकही नाही. कुठल्याही एका दिवसाच्या भावावर मामा अडकले नाहीत. अण्णा अडकले, १९९८ च्या एका दुपारी, चार तोळे, एकाच दिवशी. आमच्याकडं गुरुपुष्यामृताला बायका अर्ध्या ग्रॅमचं वेढणं घेऊन येतात त्याला मी आजवर हसत आलो, एवढ्याशा वेढण्यावर टक्केवारीने मजुरी किती पडते ते आधी बघा म्हणायचो. मध्यंतरी मीच गपचूप एक घेऊन आलो. ही म्हणाली, कुणाला? म्हटलं, कुणाला नाही, असू दे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की दारू पिऊन आलोय. कुणाला नाही असं सोनं आमच्या घरात पहिल्यांदा आलं होतं.

आणि तरी मामांच्या तेरा पुतळ्यांचं मला सुटत नाही. तीन महिन्याला एक धरली तर सव्वातीन वर्षं. मामा तेव्हा एकोणऐंशीचे. चहा पिताना मी हा भागाकार मनात केला आणि त्यांनी तो माझ्या तोंडावर वाचला असावा, कारण बशी खाली ठेवत म्हणाले, "मी बी मोजतो की रे. बघू, कोण आधी संपतंय." आणि हसले. मला हसता आलं नाही. भाव वाढावा अशी मी आता मामांसाठी रोज इच्छा करतो आणि पोरीच्या लग्नाची पुढची खरेदी डोळ्यापुढं आली की भाव पडावा असंही वाटतं, दोन्ही एकाच चहाच्या कपात.

परवा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर नेहमीची धूळ, पाळण्यांचे दिवे, मौत का कुआँच्या मोटारसायकलींचा आवाज, भज्यांचा वास. ही दागिन्यांच्या स्टॉलवर थांबली की अर्धा तास गेला, हे ठरलेलं. बल्बच्या उजेडात सगळं लखलखत होतं, ठुशा, बोरमाळा, लक्ष्मीहार, आणि एका खिळ्याला पुतळ्यांच्या माळा टांगलेल्या, झुपकाच्या झुपका. मी एक हातात घेतली. पत्र्यासारखी हलकी. मोजत गेलो, पन्नास निघाल्या. स्टॉलवाला पोरगा म्हणाला, दोनशे रुपये, लावून देतो दीडशेला. मी विचारलं, ह्यातली सुट्टी एकच पुतळी मिळेल का.

"सुट्टी नसती ओ काका. घेतली तर अख्खी माळच घ्यावी लागती."

ही पलीकडून विचारत होती, काय बघायलाय एवढं. मी माळ परत खिळ्याला अडकवली. मामांचा रुमाल डोळ्यापुढं होता, त्याची ती गाठ. म्हणजे पहिली पुतळी मोडायच्या आधीच मामांनी अशी अख्खी पन्नासची माळ आणलेली असणार, घरी कुणी नसताना एकेक गाठ सोडून पुतळ्या सुट्ट्या केल्या असणार, आणि मोजून रुमालात बांधून ठेवल्या असणार.